तीन किलोमीटरवरचा ठिपका

"सर, आता गावाला एकदा सगळं दाखवा ना," मेरेसेइनी म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम मधाळ ठेवला होता.

सभागृहात चटयांवर गाव दाटीवाटीनं बसलं होतं. वादळानं चर्च नेलं त्याला वर्ष होऊन गेलं. आज नव्या चर्चचा संगणकावरचा नकाशा फिजीच्या राजधानीतून, सुवाच्या कचेरीतून आला होता आणि भिंतीवर ताणलेल्या चादरीवर उमटला होता. कचेरीचे मुख्य आरेखक ऐसाके सर माऊसचं चाक फिरवत खिडक्या जवळ आणत, परत दूर नेत. गाणाऱ्यांचा चौथरा दिसला तेव्हा बायकांनी नुसता सूर धरून बघितला.

त्या चौथऱ्याची एकेक रेघ मेरेसेइनीची होती. कचेरीत ऐसाकेंच्या हाताखाली अकरा आठवडे ती या चर्चच्या नकाशाला चिकटून होती. गाव तिचं, बाप्तिस्मा तिचा इथलाच. आणि छापील नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, 'आरेखन' या शब्दापुढे, नाव होतं ऐसाकेंचं. महिन्यापूर्वी ते कागद गावात लागले. "माझ्या पोरीनं काढलंय," असं सांगत फिरणाऱ्या तिच्या आईला बायका फिदीफिदी हसल्या. "अगं, वाचता येतं ना तुला?" तेव्हापासून आई प्रार्थनेला सगळ्यात मागच्या चटईवर बसायची.

त्याच आठवड्यात मेरेसेइनीनं कचेरीत नकाशा उघडला. चर्चपासून पूर्वेला सरकत सरकत ती तीन किलोमीटर गेली, जिथे खरं तर नुसता समुद्र. तिथे तिनं तीन वाक्यं लिहिली. कागदावर ती कधीच उमटणार नव्हती, कारण छपाईची चौकट चर्चभोवतीच होती. 'जे जे काढलंय ते सगळं पडद्यावर बसव' अशी आज्ञा संगणकाला दिली, तरच ती सापडणार. आणि ऐसाके सर ती आज्ञा देत नसत. सगळी हयात लाकडी फळ्यावर पेन्सिलीनं नकाशे काढण्यात घालवलेला माणूस! पडद्याला नाक लावून बसायचा. मागे सरून बघणं म्हाताऱ्याला ठाऊकच नाही, याची तिला खात्री होती. म्हणजे करायला लावायचं आपणच. गावासमोर, पाळकांसमोर, आईसमोर.

"सगळं?" सरांनी विचारलं.

"हो सर. काही म्हणजे काही ठेवू नका."

त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग न बघताच कळफलकावर दोन अक्षरं दाबली.

चर्च झर्रकन आकसलं. अख्खी चादर पांढरी. डाव्या कडेला एक ठिपका, उजव्या कडेला दुसरा.

"अरे देवा!" गाणाऱ्यांतली सगळ्यात थोराड आजी, बूबू लितिया ओरडली. "एवढ्याशा चर्चमध्ये मी मावायची कशी? माझी एक मांडी बाहेरच राहील की!"

गाव खदखदून हसलं. गावप्रमुख रातू किनींनी हात वर केला. "आणि तो दुसरा ठिपका कसला? संडास का? बाबांनो, तिथवर पोचेपर्यंत माझं काय होईल!"

पुन्हा हशा. हसून घ्या, मेरेसेइनी मनात म्हणाली. तिनं सरांच्या हाताखालून माऊस ओढून घेतला. बाण उजव्या ठिपक्यावर नेला, बोट चाकावर ठेवलं. मागच्या चटईवरून आई मान उंच करून बघत होती. बघ आई, आता बघ.

ऐसाके सर उठले. चादरीकडे पाठ करून ते पुढे आले, आणि क्षमा मागायला बसतात तसे गावासमोर चटईवर बसले, डोकं खाली घालून. हशा विझला.

"तिथे लिहिलंय," ते म्हणाले, "'या चर्चची एकही रेघ ऐसाकेची नाही. हे मेरेसेइनीनं काढलंय. ऐसाके चोर आहे.' महिनाभर रोज वाचतोय मी ते. पुसायला हात धजला नाही."

चादरीवर दोन ठिपके होते तसेच होते. मेरेसेइनीच्या बोटाखालचं चाक अजून फिरलंच नव्हतं.