साहेबांची हरकत

टेम्पोवाला दारात खोळंबला होता आणि ती शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावरून हलायला तयार नव्हती.

"ऊठ ना गं," वन्सं म्हणाल्या. "मशीन माझ्या घरी नीट झाकून ठेवीन. कुणाचा हात लागू देणार नाही. भावाला विचारून झालंय."

भाऊ, म्हणजे तिचा नवरा, खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्याच्याशी लग्न करताना तिने आपलं चालतं शिलाईचं दुकान गुंडाळलं होतं. पहिल्या बायकोचं मशीन घरात पडूनच आहे, तू चालव, या त्याच्या शब्दावर. पण ती शिवायला बसली की घरचा कुत्रा जुन्या सवयीने मशीनखाली येऊन आडवा व्हायचा आणि पायडल हललं रे हललं की दात विचकून गुरगुरायचा. त्याचा एकूण थाट बघून सगळे त्याला साहेब म्हणत. एरवी हे साहेब दिवसभर तिच्या मागेमागे असायचे.

"जनावराला दिसतं," वन्सं म्हणाल्या. "पहिली इथेच आहे. तिच्या मशीनला दुसरीचा पाय लागलेला तिला खपत नाही."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस ऐकून घेतलं होतं. गेलेल्या बाईशी कोण भांडणार? पण आता गोष्ट पोटावर आली होती. ती उठली.

"वन्सं, तुम्ही बसा इथे. तुमच्यावर तर जीव होता ना तिचा?"

"मी कशाला?"

"बसा तर खरं."

वन्सं बसल्या. साहेब शेपूट हलवत आले, आडवे झाले. वन्संनी भीत भीत पायडल दाबलं, चाक फिरलं आणि साहेब असे काही गुरगुरले की वन्संनी दोन्ही पाय वर घेतले. टेम्पोवाल्याला हसू आवरेना.

"म्हणजे तुम्हीही खपत नाही तिला."

"असं नको गं बोलूस." वन्संचा चेहरा पार उतरला.

तिला वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं नाही. ती खाली वाकली. चाकाच्या आसाभोवती काळ्या केसांचा पुंजका गच्च आवळून बसला होता. तिने साहेबांची काळी शेपटी हातात घेतली. टोकाशी टक्कल होतं.

"ही कधी सापडली चाकात?"

नवरा वळला. "आजारपणात ती एकदा हट्टाने शिवायला बसली होती. तेव्हा. नंतर मशीन चाललंच नाही."

"आणि इतके दिवस तुम्ही गप्प?"

"वाटायचं, ताई म्हणतेय... असेलही ती."

वन्संनी डोळे पुसले.

"असेल तर असू दे," ती म्हणाली. "घर तिचंही होतं. बसू दे हवं तिथे. मशीन मात्र मी चालवणार."

टेम्पोवाल्याला तिने हातानेच वाटेला लावलं. केसांचा पुंजका कात्रीने कापून काढला, स्टूल ओढलं, सुईत दोरा ओवला. साहेब पुन्हा तिच्या पायाशी येऊन आडवे झाले आणि चाक फिरायच्या आतच गुरगुरायला लागले.

"गुरगुरा हवं तेवढं," ती म्हणाली. "शेपटी तेवढी बाजूला घ्या."

आणि तिने पायडल दाबलं.