विहिरीची वाडी

कुवेतचं युद्ध सौदीतल्या यान्बूपासून लांब होतं, तरी रिफायनरीत रोजच्या गॅसमास्कच्या सरावाने नसरुद्दीन पार थकून गेला होता. शेवटी त्याने रत्नागिरीला बायकोला फोन लावला.

"मुन्नी, बस झालं आता. मी कायमचा घरी येतो. ती विहिरीची वाडी मागे लागलेल्या त्या हॉटेलवाल्याला विकून टाक."

"कशी देऊ? गावाचं पाणी राहावं म्हणून तुम्हीच ती वक्फ केलीत ना? आता कयामतपर्यंत ती कुणालाच विकता यायची नाही."

"अगं, जमीन माझीच होती. आणि मीच सांगतोय!"



"तेव्हा मी विचारलं होतं, कुणाच्या भीतीने एवढी बांधून ठेवताय? तुम्ही म्हणालात, एक दिवस दमून माझाच फोन येईल."