मनगटावरचा कान

अपघातात गेलेला उजवा कान डॉक्टरांनी कुमुदताईंच्या मनगटाजवळ नव्याने वाढवला होता. पुढच्या आठवड्यात तो जागेवर बसवायचा होता. नंतरच्या महिनाभराच्या विश्रांतीत घर कोण बघणार, हे त्यांची गरोदर मुलगी शाल्मली ठरवत होती. बोलता बोलता तिने आईचा हात पोटावर ठेवला. कुमुदताई दचकल्या.

"काय झालं, आई?"

"बोलू नकोस. बाळाला उचकी लागलीय. मला ऐकू येतेय."

डॉक्टरांनी तपासलं. कान खरंच ऐकू लागला होता.

"आता हलवला नाही, तर तो मनगटावरच कायमचा रुजेल," ते म्हणाले.

"रुजू दे."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढत विचारलं, "बाळ आतून नेमकं कसं ऐकू येतं हो?"