परत घासलेली भांडी

थोरल्या जावेच्या बोटांची टोकं मनुकांसारखी सुकून सुरकुतली होती. डॉक्टरांनी थायरॉइड तपासला, साखर तपासली, पाणी कमी पिता का तेही विचारलं. सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यांनी भांड्यांचं विचारलं.

"सकाळची मी घासते, संध्याकाळची धाकटी जाऊ. आमच्यात बोलणं नाही, पण वाटणी चोख आहे."

"एवढ्यानं बोटं अशी होत नाहीत."

थोरलीनं आवाज खाली आणला. "तिच्या हाताला वळण नाही हो. पातेल्यात बोट फिरवावं तर चिकट. म्हणून ती स्वयंपाकघरातून गेली की मी सगळी परत घासते."

"ते आधी बंद करा, नाहीतर हे मलम काय कामाचं?"

मलमाची ट्यूब पर्समध्ये टाकून ती धुसफुसत घरी आली. बंद करा म्हणे. यांना काय जातंय सांगायला, त्या घाणीत जेवायचं कुणी?

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. तिनं दाराआडून पाहिलं. सकाळी तिनंच लख्ख घासून, पुसून कपाटात लावलेली भांडी सगळी सिंकमध्ये होती, आणि धाकटी दातओठ खात ती घासत होती. ओट्यावर तसल्याच मलमाची ट्यूब पडली होती, अर्धीअधिक संपलेली.

"काय मेलीचा संशयी स्वभाव," थोरली पुटपुटली.



आणि धाकटी कधी एकदाची तिथून हलते याची वाट बघत तिनं बाह्या सरसावल्या. तिचा हात लागलेली भांडी आता परत घासणं आलं.