पेन्सिलीचे गोल

"एकदा ऐकू तरी द्या," विरुपाक्ष दारातून म्हणाला.

बसम्मानं कानावरचा हेडफोन काढला नाही. "कच्चं ऐकवत न्हाईत, विरू. पाहुणे आले की ऐक."

तो तिचा धाकटा भाऊ. परळीत खाली त्याचं कापडाचं दुकान, वर घर. गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून त्यानंच कीबोर्डबरोबर आत्या-भाचीला दोन हेडफोन आणून दिले होते. बाहेर ऐकू यायची ती नुसती पट्ट्यांची टकटक.

त्याच्या लेकीला, शिवांजलीला, लातूरचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईला पियानोचं वेड. सून वाजवणारी हवी, एवढीच अट. बघण्याच्या दिवशी वाजवायची धूनही त्यांनीच निवडून पाठवली. पसंत पडली तर दिवाळीआधी लग्न.

शिवांजली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. शिक्षण पुरं होऊ द्या म्हणून ती रडली, जेवणावरून उठली. मग बसम्मा तिच्याशी बोलली आणि पोर गपगुमान कीबोर्डपुढं बसली. विरुपाक्षाला हायसं वाटलं.

बसम्माची सोयरीकही गाण्यावरच जुळली होती. लग्नानंतर तिची पेटी माळ्यावर गेली, ती नवरा वारल्यावरच खाली आली. पुढं तिनं शाळेत संगीत शिकवलं.

शिकवणं कडक होतं. बोटं गोल, मुठीत लिंबू धरल्यासारखी. आधी उजवा हात एकटा, मग डावा, मग दोन्ही, मुंगीच्या चालीनं. तोंडानं एक-दोन-तीन मोजायचं. पाच रेघांच्या नोटेशनवर बसम्मानं जागोजाग पेन्सिलीनं गोल केले होते. गोल आला की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा.

विरुपाक्षानं ते पान पाहिलं. "एवढ्या ठिकाणी चुकती व्हय?"

"त्याच जागा पक्क्या करून घेते. मग पोर भ्याली तरी हात विसरत न्हाई."

पाहुणे आले. चहा-पोहे झाले. मुलाच्या आईनं डोळे मिटले आणि शिवांजलीनं सुरुवात केली.

पहिल्याच ओळीत बोट घसरलं. मग डावा हात पुढं पळाला, उजवा मागं राहिला. दुसऱ्या ओळीत त्या बाईंनी डोळे उघडले. तिसरी सरता सरता पाणी मागितलं. मुलगी गुणाची हाय, कळवतो, असं म्हणून मंडळी उठली.

"कावून झालं असं, अक्का?" विरुपाक्षानं विचारलं. "लई भरवसा होता तुझ्यावर."

"भ्याली पोर," बसम्मा खालमानेनं म्हणाली.

तो पाय आपटत दुकानात गेला. शिवांजली पट्ट्यांवर नजर लावून बसली होती. बसम्मानं दार लोटलं, पान मांडीवर घेतलं आणि तिसऱ्या ओळीतल्या एका गोलावर बोट ठेवलं.

"इथं तुझा सूर बरोबर लागला, पोरी. पुढचे पाहुणे यायच्या आत तेवढं सुधारून घेऊ."