बकलामागची फुली

पर्सचं सोनेरी बकल पार काळवंडलं होतं. कर्वेनगरातला तो कारागीर उजळून देतो म्हणेल आणि गुपचूप नकली बसवेल, अशी स्वरालीला खात्रीच होती. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून खास तिच्यासाठी आणलेली नवीकोरी पर्स होती ती! म्हणून देण्याआधी तिने बकलामागे सुईने बारीक फुली मारली.

पर्स परत घेताना तिने आधी बकल उलटं करून पाहिलं.

"आहे हो तुमची फुली," कारागीर मान वर न करता म्हणाला. "मागची बाजू मी घासत नाही. सगळ्या बायका तिथेच खूण करतात."

"मग हा शेजारचा गोल कोणाचा?"

"चार वर्षांपूर्वी हीच पर्स घेऊन आलेल्या बाईंचा."