यंदाचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हाताला मी तेच हिन्याचं अत्तर लावलं. ह्यांच्या शर्टांना हल्ली हिन्याचाच वास यायचा, पण कडवट, जळक्या वातीसारखा. अत्तरवाले चाचा म्हणाले होते, "ताई, एकच अत्तर प्रत्येकीच्या अंगावर वेगळं होतं. तासभर थांबा, मग हुंगा."

तासभर सगळ्यांकडून स्तोत्रं म्हणवून घेतली. मग ओटी भरताना एकेकीचा हात डोळ्यांना लावला. कुणाचा हिना गोडसर झाला होता, कुणाचा मातकट. समोरच्या वृंदावहिनींचा हात जवळ घेतला आणि तीच जळकी वात नाकाशी आली.

"अय्या, माझ्या काय पाया पडता!" त्या हसल्या.

बाकीच्यांना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. वहिनींच्या पदरात ह्यांचा न धुतलेला शर्ट ठेवला. "हुंगून बघा, तुमचाच वास आहे. आता ह्यांनाही घेऊन जा."

"काहीतरीच काय बोलता!"

"सणाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, वहिनी."

वहिनी शर्ट माझ्याकडे सरकवू लागल्या.

"असू दे हो," मी हळूच म्हटलं, "वाण परत करायचं नसतं."